चेंडू गेला? मग पुढे पळा!

दोस्तांनो, चेंडू समोरच्या संघाकडे गेला की काय करायचं? आमच्या लहानपणी उत्तर ठरलेलं होतं : मुकाट्याने मागे पळा आणि आपला गोल राखा. हाय प्रेसिंग करणारे संघ नेमकं उलट करतात. ते पुढे पळतात, थेट समोरच्याच्या गोलपाशी!

पण वाटेल तेव्हा पळून चालत नाही बरं का. सगळे खुणेची वाट पाहतात. समोरच्याने मागे पास दिला, चेंडू त्याच्या पायावरून जरा जास्तच उसळला किंवा त्याने आपल्याकडे पाठ केली, की निघालेच! टचलाइनजवळचा खेळाडू तर हमखास सावज. कबड्डीत चढाईवाला कोपऱ्यात शिरला की साखळी कशी आवळते? तसंच. पहिला गडी सरळ धावत नाही, वळसा घेत येतो. त्यामुळे आतल्या बाजूचा पास त्याच्या आडोशानेच बंद होतो. बाकीचे जवळच्या खेळाडूंना चिकटतात. बचावफळी मध्यरेषेपर्यंत वर येते, गोलरक्षकही गोल सोडून पुढे येतो. अशा वेळी एक जण जरी जागेवर उभा राहिला, तर त्या फटीतून एकच पास, आणि मागे अर्धं मैदान मोकळं!

माझ्या भाच्याचं इथेच अडलं. तो शाळेच्या संघात आघाडीला खेळतो. सरांनी दोन सामने त्याला बाहेर बसवलं. "मामा, गोल मीच करतो ना? मग चेंडू हिसकवायला मी कशाला पळू?" संघच सोडतो म्हणाला.

मी त्याला ७ मे २०१९ चा, अॅनफिल्डवरचा चॅम्पियन्स लीगचा उपांत्य सामना दाखवला. क्लॉप यांचा लिव्हरपूल संघ बार्सिलोनाकडून पहिला सामना ०-३ हरलेला. सलाह आणि फर्मिनो जायबंदी. ओरिगीने सातव्याच मिनिटाला गोल केला खरा, पण मला आवडतो तो दुसरा गोल. ५४ व्या मिनिटाला अलेक्झांडर-अरनॉल्डने उजवीकडे चेंडू गमावला. दुसरा कोणी कपाळाला हात लावून उभा राहिला असता. हा पठ्ठ्या तसाच मागे लागला, जॉर्डी अल्बाकडून चेंडू परत घेतला, गोलसमोर मारला आणि वाइनाल्डमने तो आत ढकलला! दोन मिनिटांत त्याचाच आणखी एक. सामना ४-० जिंकला.

भाच्याने तो गोल चारदा मागे नेऊन पाहिला. मग म्हणाला, "नव्वद मिनिटं असं पळणार कोण?"

कोणीच नाही! चेंडू गेल्यावर पाच-सहा सेकंद जीव तोडून पळायचं. नाहीच मिळाला, तर मागे येऊन रांग लावायची.

सरांनी त्याला अजून संघात घेतलेलं नाही. पण सरावात चेंडू गेला की स्वारी मोठ्याने आकडे मोजत पळते म्हणे.