धुळ्याच्या वाटेवर अठ्ठावीस दिवसांचा हिशेब

२०२५ च्या मार्चअखेरीस बहिणीकडे धुळ्यास जाण्याचा योग आला. जळगावहून सकाळची एस.टी. धरली. बांभोरीला गिरणेचा पूल लागला, टेकडीवरचे विद्यापीठ दिसले. माझ्या भाच्याची पदवी तिथलीच. पुढे एरंडोल, मग पारोळ्याचा भुईकोट. दोन्ही अंगांना उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग रचलेले होते. कापसाचा पैसा घरात येऊन वाटेला लागण्याचे हे दिवस.

भाच्याला इंग्लंडला जायचे होते. तिकडचे सरकार १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांना दोन वर्षे राहून काम करू देते. ही योजना २०२३ साली सुरू झाली. २०२५ साली जागा ३,००० होत्या. नावे चिठ्ठ्या टाकून निघतात आणि चिठ्ठीत नाव घालायला एक पैसाही लागत नाही. फेब्रुवारीत त्याचे नाव निघाले. अर्जाला ९० दिवसांची मुदत मिळाली.

घरी पोचलो तो मेहुणे ओट्यावर चिंतेत बसलेले. खात्यावर २,५३० पौंड सलग २८ दिवस शिल्लक दाखवावे लागतात. पौंड ११५ रुपये धरला तर सुमारे २ लाख ९१ हजार. कापसाचे पैसे आणि पोराची बचत मिळून तेवढे जमलेही होते. पण एकोणिसाव्या दिवशी सोसायटीच्या भरण्यासाठी त्यातून ४० हजार काढले. शिल्लक खाली गेली, मोजणी मोडली.

“मामा, एक जण महिनाभर पैसे टाकून देतो म्हणतो. शेकडा पाच. पण उताऱ्यावर बोजा चढवा म्हणतो,” भाचा म्हणाला.

मी म्हटले, “जमिनीला हात लावायचा नाही. एकदम आलेली रक्कम कुठून आली, हे विचारले तर काय सांगशील?”

दुपारी तिघे बँकेत गेलो. मेहुण्यांनी सातबारा आणि पीककर्जाचे पुस्तक बरोबर घेतले होते. पण तिथे या दोन्हींचा उपयोग नाही. कर्जाची मर्यादा म्हणजे शिल्लक नव्हे. पैसा पोराच्या स्वतःच्या नावावर, संगणकावर नोंदी ठेवणाऱ्या मान्यताप्राप्त बँकेत हवा. अठ्ठाविसावा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. शिवाय आरोग्य शुल्क दोन वर्षांचे १,५५२ पौंड आणि व्हिसाची फी २०२५ च्या एप्रिलपासून ३१९ होती. हे २ लाख १५ हजारांच्या घरात जात होते. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली, म्हणजे मूळ शिल्लक मोडणार नाही.

उरलेला कापूस त्याच आठवड्यात विकला. पट्टी जपून ठेवली आणि पैसे पोराच्या खात्यात भरले. मेहुण्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर २८ खुणा केल्या. त्या दिवसांत घरचा खर्च दुधाच्या पैशावर चालला. एप्रिलअखेर दिवस भरले, मग बोटांचे ठसे द्यायला भाचा मुंबईला गेला. जूनमध्ये तो विमानात बसला. उतारा कोराच राहिला.

शेतकरी बंधूंनो, पोरांना धाडायचे असेल तर फेब्रुवारीची चिठ्ठी आपल्या सोयीची. तेव्हा कापूस घरात असतो. जुलैच्या चिठ्ठीला पेरणीने हात रिकामे झालेले असतात. वाफसा पाहून पेरतो, तसा खात्याचा वाफसा पाहूनच अर्ज करावा.