ओठ मिटलेले, दात सुटे

शिक्षकाची सही मस्टरवर असते, पण नोकरी चालते ती जबड्यावर. एका तासाला उर्दूचा 'क़ाफ़' घशातून काढून दाखवायचा, पुढच्या तासाला मराठीचा 'ळ' मुलांच्या जिभेवर बसवायचा. तरी या जबड्याला सांधा असतो, हे दुखल्याशिवाय आठवत नाही.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा. जे हलतं तो हा सांधा. तो बिजागरीसारखा फिरतो आणि तोंड मोठं उघडताना पुढे सरकतोही. मध्ये एक पातळ चकती असते. ती जागची हलली की 'कट्' वाजतं. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर सहसा उपचार लागत नाहीत.

माझा मात्र दुखत होता. गेल्या वर्षी संचमान्यतेत आमच्या शाळेतलं एक पद अतिरिक्त ठरणार, अशी कुणकुण होती आणि सर्वांत कनिष्ठ मीच. त्याच महिन्यात उजवा कान ठणकू लागला. अम्मी म्हणाली, लसणाचं तेल घाल. कानाच्या डॉक्टरांनी कान साफ असल्याचं सांगून दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गालाचे स्नायू दाबून विचारलं, "मॅडम, झोपेत दात खाता का?" मी नाही म्हणणार, तोच लेक बोलली, "रोज! करकर आवाज येतो."

मराठीत दातओठ खाणं, उर्दूत दाँत पीसना. दोन्ही भाषांना ठाऊक आहे की गिळलेला राग दातांत जातो. अर्थात ताण हे एकच कारण नाही. मार लागणं, संधिवात हीही कारणं असतात.

उपाय साधेच निघाले. काही आठवडे मऊ जेवण, कोमट शेक, च्युइंगगम बंद, जांभई देताना हनुवटीखाली हात. बकरी ईदला सगळे बोटी चावत होते, मी खिचड्यावर भागवलं. रात्री दातांवर प्लास्टिकचं कवच. ते दात झिजू देत नाही, सवय मात्र मोडत नाही. त्यासाठी दिवसा लक्ष ठेवायचं : ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल. मी ते हजेरीपटाच्या आतल्या पानावर लिहून ठेवलंय. पदाचा निर्णय अजून लागलेला नाही. कान मात्र आता ठणकत नाही.

दोन गोष्टी मात्र घरगुती उपायांवर सोडू नका. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखत असेल, सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. लगेच दवाखाना गाठा. आणि सुपारी-गुटखा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडू लागलं, तिखट झोंबू लागलं, तर तो सांधा नव्हे. तोंडाच्या आतली त्वचा कडक होत जाते आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. आपल्या घरांत पानदान अजून फिरतं. आज जेवण झाल्यावर खालाला, चाचांना स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालून पाहायला सांगा. जात नसतील, तर उद्याच डॉक्टरांकडे न्या.