खरे चर्च कोणते? पंडिता रमाबाईंचे उत्तर

१/ सप्टेंबर १८८३. इंग्लंडमधील वाँटेज येथे, अँग्लिकन भगिनींच्या मठात राहत असताना, पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण ख्रिस्त एक, चर्चे अनेक: रोमन कॅथलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट. खरे कोणते?

२/ मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांचा आग्रह असे, अँग्लिकन शिकवण निमूट स्वीकारावी. परमुलखात, पदरी लहानगी मनोरमा, आसरा त्याच मठाचा. तरीही शास्त्रांतील परस्परविरोध पारखलेल्या या विदुषीने ते मानले नाही. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नकोत, असेही त्यांनी विचारले.

३/ आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीच्या आहोत, धर्मगुरूंच्या प्रत्येक शब्दाने बांधलेल्या नाही, हे त्यांचे उत्तर. पुढे केडगावचे मुक्ती मिशनही त्यांनी कोणत्याच एका पंथाच्या स्वाधीन केले नाही.