सारवण, शहाबादी आणि अम्माचे गुडघे

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या पिढीने एकाच घरात जमिनीची तीन रूपे पाहिली. दादीच्या काळातली सारवलेली माती, अब्बांनी बसवलेली शहाबादी आणि आता भाईने आणलेल्या टाइल्स. आम्ही तिघी बहिणी हिंगणघाटच्या. तिन्ही जमिनींची निगा आमच्या हातांनी राखली आहे. साहित्यात घराच्या भिंती, दारे, खिडक्या, अंगणातला निंब हे सगळे येते. जमीन मात्र फारशी येत नाही. ती पायाखालची. म्हणून आज तिच्याविषयीच लिहितो आहोत.

सारवण हे दिसायला सोपे काम. आमच्याकडची काळी माती कापसाला चांगली, जमिनीला नाही. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगा पडतात. म्हणून सारवायला पिवळी किंवा पांढरी माती बाहेरून आणावी लागे. ती रात्री भिजत घालायची, खडे काढायचे, सकाळी कालवायची. शेणातल्या काडीकचऱ्याच्या बारीक तंतूंनी माती धरून राहते, पोपडे निघत नाहीत. हात अर्धगोलात फिरवत मागे मागे दाराकडे सरकायचे, नाहीतर आपणच कोपऱ्यात अडकतो. दादी उंबऱ्यावर बसून ओरडायची, "पीछे सरको, दरवाजे की तरफ!"

मुसलमानाच्या घरात शेणाचा प्रश्न थोडा वेगळा होता. नमाजची जागा पाक हवी. शेण पाक की नापाक, याबद्दल इमामांमध्येच मतभेद. हनफी मतानुसार ते नापाक; मालिकी मतानुसार ज्या जनावराचे मांस हलाल, त्याचे शेण पाक. दादीने कोणतीही किताब वाचलेली नव्हती, पण तिने यावर आपला तोडगा काढला होता. ओटा, अंगण, चुलीपुढची जागा शेणामातीने. नमाजचा कोपरा मात्र नुसत्या पांढऱ्या मातीने, शेणाचे बोटही न लावता. त्यावर चटई आणि चटईवर जानमाज. शेजारच्या पाटलीणबाईंनाही ती भेगा बुजवायची युक्ती सांगे आणि दिवाळीआधी त्यांच्याकडून माती मागून आणे. पुढे आम्हाला कळले की ओली झालेली नापाक जमीन वाळली आणि तिच्यावर काही खूण उरली नाही, तर ती नमाजसाठी पाक होते, असे हनफी फिकहमध्ये सांगितले आहे. जमिनीत पक्की बसवलेली वीटही जमिनीतच धरतात. म्हणजे ऊन आणि वारा यांनाही शरीअतीने सफाईचे काम दिले आहे. बाईच्या कमरेला तेवढाच आराम.

शाळेची सहल सेवाग्रामला जायची. गांधीजी 1936 साली तिथे राहायला आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते; 1940 मध्ये ते सेवाग्राम झाले. बापू कुटीची जमीन मातीची, सारवलेली. चपला बाहेर काढून आत गेले की पायाला दादीच्या घराचाच थंडावा लागायचा. सोबतच्या मुली चरखा आणि कंदील पाहत. आम्ही वाकून कोपरे पाहायचो, कारण सारवणाऱ्या हाताची परीक्षा कोपऱ्यात होते. कोपरे चोख होते.

याच आश्रमाच्या परिसरात नई तालीम उभी राहिली. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिने अभ्यासक्रम ठरवायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, पुढे राष्ट्रपती झाले ते. नई तालीमच्या शाळेत सफाई हा अभ्यासाचाच भाग होता, मुलगा असो की मुलगी. हे आम्ही मोठेपणी वाचले तेव्हा हसू आले. सेवाग्राम आमच्या घरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर; पण तिथला झाडू मुलाच्या हातात जायचा तो रस्त्यातच कुठेतरी अडकला. आमच्या घरी भाईच्या हातात तो कधी पोचलाच नाही.

अब्बांनी एका वर्षी कापसाला भाव चांगला मिळाला म्हणून बैठकीत आणि मधल्या खोलीत शहाबादी घातली. शहाबाद कर्नाटकातले, गुलबर्ग्याजवळचे. तिथला हा चुनखडीचा दगड महाराष्ट्रातल्या किती घरांत आला याची गणती नाही. वर्ध्याचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला या दगडाची किंमत सांगायला नको. पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा दुपारी ओले फडके फिरवून आम्ही उघड्या फरशीवरच झोपायचो.

पण दगड थंड असला तरी साधा नाही. चुनखडीच ती, आंबट काही सोसत नाही. चिंचेचे पाणी किंवा लिंबू सांडून तसेच राहिले की तिथे फिकट डाग पडतो. तो मळ नसतो, दगडच खाल्लेला असतो. घासून जात नाही. बकरी ईदला रक्ताचे डाग आधी थंड पाण्याने धुवायचे, गरम पाण्याने ते धरून बसतात. चरबीला मात्र गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात नारळाच्या काथ्याने आणि चुलीच्या राखेने सगळी फरशी घासायची, सांध्यांतली घाण काडीने काढायची. रोजा असायचा, तोंडाला कोरड पडायची. ईदच्या दिवशी पाहुणे शीरखुर्मा पिऊन म्हणायचे, "घर कसे लख्ख आहे!" अब्बा मान डोलवायचे.

मग बाजारात अॅसिडच्या बाटल्या आल्या. ओट्याचे काम निघाले तेव्हा एका मिस्त्रीने सिमेंटचे शिंतोडे काढायला शहाबादीवर अॅसिड ओतले. फेस आला, धूर आला, आणि फरशी क्षणभर नव्यासारखी दिसली. तो फेस म्हणजे विरघळणारा दगडच. वाळल्यावर हात फिरवला तर खरखरीत. त्यानंतर त्या दोन फरश्या सगळ्यांत आधी मळायच्या, कारण गुळगुळीतपणा गेला की मळाला धरायला जागा मिळते. कडप्पा, कोटा, संगमरवर, संगमरवराच्या खड्यांचे मोझॅक, सगळ्यांची हीच जात. यांना साधे पाणी, थोडा साबण आणि कोरडे फडके एवढे पुरते. आणखी एक गोष्ट आम्ही भेटेल त्या बाईला सांगतो: अॅसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो.

अब्बा गेल्यावर घर दुरुस्तीला काढले. अम्मा सत्तरीला आलेली, दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी खाली बसायला साफ मनाई केली होती. तरी ती भिंतीला धरून बसायची, फडके पिळायची आणि उठताना "या अल्लाह" म्हणायची. आम्ही तिघींनी ठरवले, आत टाइल्स घालायच्या. भाई पुण्याहून आला आणि अडून बसला. शहाबादी ही अब्बांची आठवण, तिला हात लावायचा नाही. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते. अब्बांची मय्यत त्याच खोलीत ठेवली होती.

आम्हाला उत्तर सुचेना. अम्मानेच दिले. "बेटा, याद तेरी है, पोछा मेरा है."

भाई त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो स्वतःच दुकानात गेला. चकचकीत टाइल्स त्याला आवडल्या होत्या. आम्ही हट्टाने खरबरीत पृष्ठभागाच्या घेतल्या. वजू करून ओल्या पायांनी अम्मा त्यावरून चालणार, हे दुकानदाराला काय ठाऊक? खाली मुरूम नीट धुमसून घेतला, कारण काळ्या मातीवर घाईने बसवलेली टाइल एका पावसाळ्यात पोकळ वाजू लागते. व्हिट्रिफाईड टाइल जवळजवळ पाणी पीत नाही, डाग वरच राहतो. खरी घाण तिच्या सांध्यांत बसते आणि आमच्या बोअरच्या जड पाण्याचे पांढरे चट्टे तिच्यावर चटकन दिसतात. म्हणून पुसल्यावर कोरडे फडके फिरवायचेच. ते आता लांब दांड्याला बांधलेले असते.

शहाबादीच्या शाबूत निघालेल्या फरश्या अंगणात नळाभोवती बसवून घेतल्या. त्यांत त्या अॅसिडने खाल्लेल्या दोनही आहेत. ओल्या पायाखाली त्या घसरत नाहीत, म्हणून अम्मा नळाशी उभी राहते ती नेमकी त्यांच्यावर.

ईदला भाई आला की पोछ्याचा दांडा त्याच्या हातात देतो. गेल्या ईदला त्याने बादलीत अर्धी बाटली फिनाइल ओतले. खोलीभर रेघाच रेघा उमटल्या. अम्मा पलंगावरून बघत होती. तिने त्याला साध्या पाण्याने सगळी खोली पुन्हा पुसायला लावली, आणि तो दाराकडे पाठ करून मागे सरकायला विसरला तेव्हा दादीच्याच आवाजात ओरडली.