घरभरणी

नव्या घरात राहायला जाण्याच्या विधीला मराठीत दोन शब्द आहेत. ‘वास्तुशांत’ हा निमंत्रणपत्रिकेतला शब्द, आणि ‘घरभरणी’ हा हळूहळू मागे पडत चाललेला. पहिल्यात बांधकामाने दुखावलेल्या वास्तूला शांत करायचे असते; त्यासाठी वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरण्याची रीत आहे. दुसऱ्या शब्दात घर भरायचे असते: माणसांनी, धान्याने, भांड्याकुंड्यांनी. नव्या घराला काय भेट द्यावी, या प्रश्नाचा विचार करताना आम्हा दोघींना हा दुसरा शब्दच अधिक उपयोगी पडला.

‘कृपया आहेर आणू नये’ असे पत्रिकेत छापलेले असले, तरी रिकाम्या हाताने कोणी जात नाही. मग भिंतीवरची घड्याळे येतात, गणपतीच्या मूर्ती येतात, सरबताच्या पेल्यांचे संच येतात आणि वेष्टनही न काढता ते पुढच्या वास्तुशांतीला रवाना होतात. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाचा दानावरचा प्रसिद्ध निबंध १९२५ सालचा. भेट ही वरवर स्वेच्छेची दिसली, तरी तिच्यात देणे, घेणे आणि परत करणे अशी तीन बंधने असतात, हे त्याने त्यात दाखवले. आपल्याकडे कपाटात जपून ठेवलेली आहेराची वही हेच सांगत असते. कोणी काय दिले ते त्यात लिहायचे आणि त्यांच्या घरी कार्य निघाले, की वही पाहून तोलामोलाचे द्यायचे.

आमच्या विभागातली एक मैत्रीण नुकतीच तिच्या नव्या सदनिकेत राहायला गेली. तासिका तत्त्वावर ती बारा वर्षे शिकवत होती. सुट्ट्यांमध्ये पगार नाही, म्हणून मुद्रिते तपासायची. पूर्णवेळ नेमणूक झाली तेव्हा कुठे बँकेने कर्जासाठी दार उघडले. तोवर अकरा महिन्यांच्या करारावर घरे बदलणे चालू होते. ‘भिंतीला खिळा ठोकू नये’ ही घरमालकांची अट तिला तोंडपाठ होती. पुस्तके तर खोक्यांतच असत. हवे असलेले पुस्तक नेमके तळच्या खोक्यात, हा तिचा ठरलेला विनोद. तिने लग्न केलेले नाही. गावच्या घराच्या हक्कसोडपत्रावर तिने भावासाठी सही केली त्यालाही बरीच वर्षे झाली. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली झाली. पण कायद्याने दिलेले बहिणीने गोडीगुलाबीने सोडून द्यावे, ही रीत दुरुस्त झाली नाही. ‘वाडा चिरेबंदी’ शिकवताना आम्ही दरवर्षी प्रभाबद्दल बोलतो. तिला शिकायचे होते, वडिलांनी शिकू दिले नाही आणि लग्नही झाले नाही. वाड्यात ती राहते, पण वाडा तिचा नाही. आमची मैत्रीणही हे नाटक शिकवते. मात्र प्रभाविषयी ती फारशी बोलत नाही.

तिला काय द्यावे याचा विचार करताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आमच्या स्वयंपाकघरांतली निम्मी भांडी आम्ही विकत घेतलेलीच नाहीत. ती लग्नात आली, मंगळागौरीला आली, डोहाळजेवणाला आणि बारशाला आली. डब्यांवर, ताटांवर, तांब्यांवर आमची आणि देणाऱ्यांची नावे आहेत. आपल्या समाजात स्त्रीचे घर तिच्या लग्नातून भरले जाते. जिने लग्न केले नाही, तिच्या नावाचे भांडे कोणी कधी घडवतच नाही. तिने मात्र आमच्या प्रत्येक कार्याला आहेर केला आहे. आमच्या वह्यांमध्ये तिचे नाव वीस वर्षे देणारी म्हणूनच आलेले आहे.

पूजेचाही प्रश्न होताच. पूजेला दांपत्य बसवण्याची प्रथा. तेव्हा भाऊ-वहिनींनी बसावे, असे गुरुजींनी सुचवले. कर्जाचे हप्ते जिच्या नावावर, तिने आपल्याच घरात प्रसाद वाटत फिरायचे! तिने शांतपणे पूजाच नको म्हणून सांगितले. आईच्या हातून नव्या शेगडीवर दूध उतू घालायचे आणि सगळ्यांनी जेवायचे, एवढेच तिने ठरवले.

रोख रकमेचे पाकीट आम्ही पहिल्यांदा बाद केले. ते मदतीसारखे दिसले असते, आणि मदत तिने मागितली नव्हती. महागडी वस्तूही बाद केली, कारण तिची परतफेड हा तिच्यावर आणखी एक हप्ता झाला असता. पुस्तके तिच्याकडे आमच्याहून अधिक आहेत. शेवटी आम्ही भांड्यांच्या बाजारात गेलो आणि झाकणाचा एक मोठा पितळी डबा घेतला.

‘नावे घालून मिळतील’ अशी पाटी दुकानात होतीच. दुकानदाराने सवयीने विचारले, “कुमारी की सौभाग्यवती?” आम्ही म्हटले, “नुसते नाव.” “आणि कोणाकडून?” “ते नको.” त्याला ते चमत्कारिक वाटले. नाव घालायला बहुतेक लोक येतात ते देणाऱ्याच्या नावासाठीच. त्याने यंत्र चालवले आणि झाकणावर तिचे नाव व तारीख एवढेच उमटले.

भांडे रिकामे देऊ नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, असे आमच्या आयांनी शिकवलेले. आम्ही डब्यात आंबेमोहोर तांदूळ भरला. त्या दिवशी त्यातलाच भात तिच्या आईने रांधला.

जेवणे झाल्यावर तिने एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर आमची नावे लिहून पुढे ‘डबा, तांदूळ’ असे टिपले. “हे कशाला?” असे विचारणार होतो, पण विचारले नाही. एरवी ही वही म्हणजे आम्हाला व्यवहाराची खूण वाटते. इथे मात्र तिच्या घरची वही सुरू होत होती. आता तिलाही घेणे असेल, तिच्याकडूनही रीतसर परत येईल, आणि पुढच्या कार्याला आम्ही तिच्याकडून आलेला आहेर निःसंकोचपणे घेऊ. मॉसने सांगितलेली तीनही बंधने तिने एकदमच पत्करली होती. वही मिटून तिने ती ओट्यावरच्या फळीवर, डब्याशेजारी ठेवली. ती फळी तिने आदल्याच दिवशी भिंतीला खिळे ठोकून बसवली होती.