आशाताईंचं देणं

माझ्या लेकीच्या लसीकरण कार्डावर लसीचं नाव आहे, तारीख आहे. त्यातली एक लस तिला मिळावी म्हणून एक बाई आमच्या ओसरीवर दिवेलागणीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत बसून राहिली, त्याची नोंद मात्र कुठेच नाही. ती मला करायची आहे.

माझं माहेर चिंचवड, सासर तिकोणा पेठ. माथ्यावर तिकोणा, म्हणजेच वितंडगड, पलीकडे पवना धरणाचं पाणी. साध्या दुखण्याला आम्ही पवनानगर गाठतो, मोठं काही असलं तर कामशेत नाहीतर तळेगाव. लस मात्र गावातच येते. नर्सताई ठरल्या दिवशी लसीचा डबा घेऊन येतात आणि त्याआधी आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, घरोघर सांगत फिरतात.

लेक माहेरी झाली, २०२२ च्या सप्टेंबरात. दीड महिन्याची पेंटा लस तिकडेच एका दवाखान्यात दिली. रांग मोठी होती. सुई टोचली, कार्डावर लिहिलं, पुढच्या बाळाला बोलावलं. ताप येईल, असं कुणी बोललं नाही. रात्री पोर फणफणली, मांडी सुजली, रडणं थांबेना. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण तोवर फोनवरून सगळं आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कळलं होतं. मी पेठेत परतले तेव्हा त्यांचं ठरलं होतं : पोरीला पुन्हा सुई नाही. नवऱ्याने समजावलं, मी समजावलं. त्या ऐकून घ्यायच्या आणि उठून गोठ्यात जायच्या.

भातकापणीचे दिवस होते. आशाताईही दिवसभर स्वतःच्या खाचरात कापणी करून आल्या होत्या. लसीचं नावही न काढता त्या ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, त्या राती काय काय झालं, ते मला पहिल्यापासनं सांगा."

आत्या बोलू लागल्या. नातीचं सांगता सांगता त्या स्वतःच्या थोरल्या मुलावर आल्या. तो तान्हा असताना तापाने गेला होता. पावसाचे दिवस, वाहन नाही, घोंगडीत गुंडाळून त्याला कामशेतच्या वाटेला लावलं आणि वाटेतच सगळं संपलं. लग्न होऊन इतका काळ झाला, पण मला हे ठाऊक नव्हतं. आशाताईंना ठाऊक होतं. त्या याच आळीतल्या सून, त्यांच्या सासूने त्यांना ते सांगितलेलं. आशा त्याच गावात राहणारी असावी, शक्यतो लग्न झालेली असावी, असं २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हाच ठरवलेलं आहे. ज्याने कुणी ही अट घातली, त्याला गाव कळत होतं असं मला मनापासून वाटतं. आत्यांना सुईचं भय नव्हतं, तापाचं होतं. भिंतीवरच्या कुठल्या फलकाला हे कळलं असतं?

त्यांचं सांगून झाल्यावरच आशाताई बोलल्या. "ह्यो ताप त्यो न्हाई, मावशी. ह्या सुईत डांग्या खोकल्याचं औषध असतंय, त्यानं अंग तापतं. दोन दिसांत उतरतं. सुजल्या जागी गार फडकं ठेवायचं, चोळायचं न्हाई, काही लावायचं न्हाई. गोळी नर्सताई देतील, किती द्यायची ते मी दावते. ताप न्हाई उतरला, पोर दूध ओढंना, झटका आला, तर रातीबी हाक मारा. मी येते, गाडी बोलावते." मग कोणती लस, ती कशासाठी, पुढची कधी, कार्ड कुठे ठेवायचं, हे सगळं त्यांनी माझ्याकडे न बघता आत्यांना सांगितलं. लस दिल्यावर घरच्यांना चार गोष्टी सांगायच्याच, असं आरोग्य खात्याच्या प्रशिक्षणात शिकवतात : कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुन्हा कधी यायचं, कार्ड जपून आणायचं. सांगायला दोन मिनिटं पुरतात. शहरातल्या त्या रांगेत ती दोन मिनिटं मिळाली असती, तर आमच्या घरात इतके दिवस ताण राहिला नसता.

समजावून न सांगण्याची किंमत माझ्या माहेराला जुनी ठाऊक आहे. चिंचवडला मी चापेकरांच्या वाड्याच्या परिसरात वाढले. १८९७ च्या प्लेगात प्लेग अधिकारी रँडचे गोरे शिपाई पुण्यातल्या घराघरांत घुसले, बायाबापड्यांना त्यांनी उघड्यावर तपासलं, सामान जाळलं. रोग्याला वेगळं ठेवण्यात खोट नव्हती. पण दारात आलेला माणूस एक शब्द समजावून सांगत नव्हता की ऐकत नव्हता, आणि लोक रोगी लपवू लागले. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आम्ही शाळेत शिकलो. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना स्वतः उचलून आपल्या मुलाच्या, यशवंताच्या, दवाखान्यात नेत होत्या आणि १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. लेक झाल्यापासून मला त्या वर्षातली ही दुसरी तारीख जास्त आठवते.

दुसरी पेंटा झाली, तिसरी झाली, नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची झाली. वर्षाच्या आतलं लसीकरण पुरं केल्याचा आशांचा मोबदला तेव्हा होता एका बाळामागे शंभर रुपये. नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी द्यायच्या, त्याचे अडीचशे. सरकारी कागदात त्या स्वयंसेविका, म्हणून पगार नाही. कुणाच्या ओसरीवर बसून तीस-पस्तीस वर्षांपूर्वी गेलेल्या लेकराची गोष्ट ऐकून घेतली, तर त्याचा दर कुठल्याच फॉर्मवर नाही. मला हा अन्याय वाटतो. कारण लस सरकारने पोचवली गावापर्यंत, आमच्या उंबऱ्याच्या आत ती या ऐकण्याने आली.

२०२४ च्या जानेवारीत राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या. पुढे मुंबईत आझाद मैदानावर बसल्या, आमच्या ताईही जाऊन आल्या. संपाच्या दिवसांत सांगायला कुणी फिरलं नाही. लेकीचा सोळा महिन्यांचा बूस्टर आला होता. आत्यांनी फळीवरच्या डब्यातून कार्ड काढलं, माझ्याकडून तारीख वाचून घेतली आणि पोरीला कडेवर घेऊन निघाल्या. लस टोचून झाल्यावर नर्सताई पुढच्या बाळाकडे वळल्या, पण आत्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "ताप किती दिस राहील, ते सांगा आधी. आन् ह्या मागच्या पोरीलाबी सांगा, तिचं पयलंच हाय."