सोकावणे

शाळेत एका मुलाने दुसऱ्यावर हत्यार उगारले की त्यानंतरच्या पालकसभेत जे बोलले जाते, ते गावोगाव जवळपास सारखेच असते. दप्तरे तपासा. मोबाईल आणू देऊ नका. कॅमेरे लावा, फाटकावर माणूस बसवा. मास्तरांना धाक ठेवू द्या. त्या पोराच्या हातात दाखला ठेवा. आणि सभा उठता उठता एखादा वयस्कर माणूस म्हणतो, काळ सोकावतो हो.

म्हण पुरी अशी आहे: म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. पण अशा सभेत ती पुरी कुणी म्हणत नाही. पहिला अर्धा तोंडातून निघत नाही, कारण गेलेली म्हातारी नसते. नववी-दहावीतले पोर असते. म्हणीला तिचा दुसरा अर्धा म्हणता यावा म्हणून आधी एक मरण हिशेबात धरावे लागते, पिकल्या पानाचे, ज्याच्याबद्दल घराने मनाची तयारी केली आहे असे. इथे तसले मरणच नाही. तरी दुसरा अर्धा पालकांना सुटत नाही, आणि त्याच अर्ध्यात त्यांची खरी भीती आहे. एका शाळेत एकदा घडले, यापेक्षा ते घडू शकते हे आता कुणाला तरी कळले आहे, ही ती भीती.

‘काळ’ म्हणजे यम आणि ‘काळ’ म्हणजे जमाना, दोन्ही. ‘जमाना सोकावला’ असाही अर्थ पालकांच्या बोलण्यात असतोच: मोबाईलचा जमाना, इन्स्टाग्रामवरच्या धमक्यांचा, भाईगिरीच्या रील्सचा. पण खरा अडतो तो पुढचा शब्द. सवय लागणे, चटक लागणे, सरावणे आणि सोकावणे हे चार शब्द मराठीत शेजारीशेजारी राहतात, तरी एक नाहीत. सवय चांगलीही असते. चटक जिभेची असते. सरावणे अंगाचे असते, ओझ्याला माणूस सरावतो. सोकावणाऱ्याला मात्र एकदा फुकटात मिळालेले असते आणि कुणी अडवलेले नसते. म्हणजे या शब्दात दोघे असतात, घेणारा आणि न अडवणारा. दोष बोलून दाखवला जातो तो एकाचाच. आणखी एक गोष्ट. हा शब्द कुणी स्वतःसाठी वापरत नाही. ‘मला सवय झाली’ असे माणूस म्हणतो, ‘मी सोकावलो’ असे म्हणत नाही. सोकावतो तो नेहमी दुसरा.

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात, बोर धरणाजवळच्या हिंगणीच्या शिवारात, हा दुसरा बहुतेक वेळा जनावर असतो. बोरचे जंगल १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. त्याचे गाभाक्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर. जंगल लहान, आणि त्याला लागून कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा. एका रात्रीत रानडुकरांचा कळप हरभऱ्यात शिरला की सकाळी उखरलेली माती तेवढी उरते. रोही कोवळी तूर शेंड्याकडून खातात. बिबट गोठ्याकडे एकदा येऊन शेळी घेऊन गेला की दुसऱ्या दिवशी गावात एकच शब्द असतो: सोकावला.

त्यावरचे उपायही ठरलेले आहेत. पहिला जागल. मचाणावर किंवा बांधावर रात्र काढायची, टॉर्च फिरवायचा, डबा वाजवायचा, मधूनच आरोळी द्यायची. दुसरा झटका मशीन. सौर पाटीवर चालणारी एक पेटी, तिच्यातून निघून शेताभोवती फिरलेली तार, खांबाखांबावर तार खांबापासून अलग ठेवणारे प्लास्टिकचे चिमणे. पेटीतून ठरावीक अंतराने टक, टक असा आवाज येत राहतो आणि प्रत्येक टकला तारेतून क्षणभर प्रवाह जातो. जनावर दचकते, मागे सरते, मरत नाही. तिसरा उपाय कायद्याने गुन्हा आहे आणि तरी केला जातो: घरगुती लाइनवर आकडा टाकून साध्या तारेत सरळ करंट सोडायचा. त्यात डुक्कर मरते. कधी वाघ मरतो, कधी बैल. कधी पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारचा शेतकरी मरतो, कधी तार लावणाराच.

झटका आणि करंट हे दोन शब्द शेतकरी एकमेकांच्या जागी कधीच वापरत नाही. पालकसभेत मात्र ‘धाक’ हा एकच शब्द दोन्हींसाठी चालतो.

बोरच्या जंगलाशी जोडलेली २०१७ सालची एक हकीकत इथे सांगावी लागते, आणि ती मूळ विषयापासून लांब असली तरी मनातून जात नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागात एका तरुण वाघिणीने माणसांवर हल्ले केले होते. माणसे मेली होती. तिला गोळी घालावी असा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. शेवटी तिला पकडून, गळ्यात रेडिओ कॉलर बांधून, जुलैच्या अखेरीस बोरमध्ये सोडण्यात आले. ब्रह्मपुरीच्या गावांची त्यातून सुटका झाली. वाघीण मात्र बोरमध्ये टिकली नाही. ती चालत राहिली, अडीच महिने, शेकडो किलोमीटर, शेतांमधून आणि रस्ते ओलांडून. या भागातही माणसे गेली, पुन्हा गोळीचा आदेश निघाला. कॉलरमुळे ती रोज कुठे आहे हे कळत होते. ती काय करील हे कळत नव्हते. ऑक्टोबरमध्ये कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरीच्या शिवारात ती मेली. बंदुकीने नाही. एका शेताभोवती रानडुकरांसाठी लावलेल्या करंटच्या तारेला चिकटून.

ती तार तिच्यासाठी लावलेली नव्हती. ज्याने लावली त्याच्या डोळ्यांपुढे डुकरे होती आणि उभे पीक होते. ज्या घरांतली माणसे तिने मारली, त्या घरांचे दुःख या हकीकतीने कमी होत नाही, आणि तसे कुणी सुचवूही नये. तरी सोकावलेल्याला एका शिवारातून उचलून दुसऱ्या शिवारात सोडले म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न राहतोच.

हायस्कुलात हेच काम दाखला करतो. भांडकुदळ, चाकू बाळगणाऱ्या, मास्तरावर धावून जाणाऱ्या पोराच्या हातात दाखला दिला की शाळेपुरता प्रश्न मिटतो. आठवीपर्यंत ते करता येत नाही: शिक्षणहक्क कायदा, जो २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही. पण हा कायदा सहा ते चौदा वयाचा. पोर पंधराव्यात पाऊल टाकते, नववीत जाते, आणि नेमक्या त्या वयात, जेव्हा हात लांब होतात आणि आवाज फुटतो, हे छत्र डोक्यावरून निघते. दाखला घेऊन ते शेजारच्या गावच्या शाळेत नाव घालते, नाहीतर कुठेच घालत नाही. ज्या शाळेने ते घेतले, तिथल्या पालकांना त्याचा मागचा इतिहास कुणी सांगत नाही. सांगितला तर त्याला कुणी घेणार नाही. या दोन्ही बाजू खऱ्या आहेत. आपले पोर त्या नव्या वर्गात त्याच्या शेजारच्या बाकावर बसते आहे, असे डोळ्यांपुढे आणले तर तिसरी बाजू सुचत नाही.

दुसरी मागणी धाकाची. जुने पालक मास्तरांना सांगत, हाडे आमची, कातडे तुमचे. त्या वाक्यात विश्वास होता, हे नाकारता येत नाही. पण त्याच कायद्याने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी घातली, आणि ती घालायला कारणे होती. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ल्याचे सांगितले होते. बंदीने सगळे थांबले असेही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत सहावीतली एक मुलगी शाळेत उशिरा आली म्हणून तिला शंभर उठाबशा काढायला लावल्या, असे तिच्या घरच्यांचे म्हणणे. काही दिवसांत ती गेली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात नीटच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून एका बापाने जात्याच्या लाकडी खुंट्याने मुलीला मारले. ती सतरा वर्षांची होती, बारावीत. ती वाचली नाही. बाप शाळेत मुख्याध्यापक होता. लेकीचे भले व्हावे असे त्याला वाटत नव्हते, असे कोण म्हणेल? जात्याचा खुंटा घरातल्या प्रत्येक बाईच्या हाताखालून गेलेला, घासून गुळगुळीत झालेला असतो. तो हत्यार आहे असे त्या दिवसापर्यंत त्या घरात कुणाला वाटले नसणार.

झटका कुठे संपतो आणि करंट कुठे सुरू होतो, हे हाताला कळते का? वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न गांधींपर्यंत गेल्याशिवाय राहत नाही. ते १९३६ पासून सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहिले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून नयी तालीम निघाली: हाताने काम करत शिकायचे, आणि शिस्त त्या कामातूनच यायची. पण छडीबद्दलची त्यांची गोष्ट त्याच्या पुष्कळ आधीची, दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवरची आहे. तिथला सतरा वर्षांचा एक दांडगा मुलगा कुणाचे ऐकेना. एके दिवशी गांधींचा तोल गेला. जवळ पडलेला रूळ उचलून त्यांनी त्याच्या दंडावर हाणला. मारताना त्यांचेच अंग कापत होते. मुलगा रडला, क्षमा मागू लागला, आणि त्यानंतर त्याने कधी त्यांचे ऐकले नाही असे झाले नाही.

म्हणजे रूळ लागू पडला. छडीच्या बाजूचा कुणीही हीच गोष्ट पुढे करू शकतो. पण गांधी आत्मकथेत तिथे थांबत नाहीत. या माराचा पश्चात्ताप आपल्याला अजून आहे असे ते लिहितात, आणि आपण बरोबर केले की चूक, हे आजवर ठरवता आले नाही, असेही. बहुधा चूकच, कारण त्यात राग होता आणि शिक्षेची इच्छा होती. नुसते दुःख असते तर तो मार त्यांना समर्थनीय वाटला असता. अहिंसेवर आयुष्य लावलेला माणूस एका रुळाचा हिशेब वर्षानुवर्षे मनात ठेवतो आणि तो मिटवत नाही, हे त्या प्रकरणातले सगळ्यात जड वाक्य आहे. त्यातही एक अडचण उरते. मार खाणाऱ्या दंडाला राग आणि दुःख वेगळे कसे लागणार? झटका मशीनच्या पेटीत तो फरक बनवणाऱ्यानेच बसवून दिलेला असतो, प्रवाह क्षणाच्या पुढे जाऊच शकत नाही. रूळ धरणाऱ्या हातात तशी पेटी नाही.

तिसरी मागणी कॅमेऱ्याची, आणि ती सर्वांत लवकर मान्य होते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे उघड झाले. २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वे रुळांवर बसले, शाळेची मोडतोड झाली, आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने सर्व शाळांत महिनाभरात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश काढला. शाळांत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या नेमण्याचा आदेश त्याआधी दोन वर्षे, मार्च २०२२ चा होता. त्या शाळेत कॅमेरे होतेच; मागच्या पंधरा दिवसांचे चित्रण मिळत नाही, असे तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. पुढच्या ऑगस्टात अहमदाबादेत एका दहावीच्या मुलाला शाळेतल्याच धाकट्या मुलाने भोसकले आणि तो मेला, तेव्हा संतापलेल्या जमावाने शाळेत शिरून बाके, काचा फोडल्या आणि तिथल्या माणसांना मारले. सुरक्षा आणि शिस्त मागायलाच ते सगळे आले होते. त्यांच्या जागी कुणीही असता तर हात शांत राहिला असता का, हे खात्रीने सांगता येत नाही. त्या दिवशी घरी थांबलेल्या मुलांनी मोबाईलवर जे पाहिले, ते मात्र हेच.

इथे ती म्हण पुन्हा आडवी येते. काळ सोकावतो म्हणून कडक व्हा, असा तिचा अर्थ घेतला जातो. पण कडकपणाही सोकावू शकतो. एका रुळाने काम झाले की हात दुसऱ्यांदा लवकर उठतो. एक दाखला देऊन वर्ग शांत झाला की दुसरा दाखला लिहायला कमी वेळ लागतो. एकदा मोडतोड केल्यावर आदेश निघाला हे गर्दीच्याही लक्षात राहते. मग काय, काहीच करू नये? ते तर म्हणीच्या मुळातच बसत नाही, कारण न अडवण्यातूनच सोकावणे सुरू होते. ज्या घरातले पोर गेले, त्या घराला ‘मोकळे सोडा, समजून घ्या’ असे सांगायला जीभ उचलत नाही, आणि उचलूही नये.

झटका मशीन बसवून झाले म्हणजे काम संपले, असे हिंगणीच्या बाजूचा शेतकरी समजत नाही. पावसाळ्यात बांधावरचे गवत वाढून तारेला टेकते, प्रवाह जमिनीत उतरतो आणि झटका मंदावतो. ढग असले की बॅटरी उतरते. म्हणून विळा घेऊन रोज तारेच्या कडेकडेने पुरा फेरा मारावा लागतो, खांब हलला का, चिमणा फुटला का, डुकराने तारेखालून माती उकरली का, ते वाकून पाहावे लागते. शाळांसाठीही अशी माणसे कायद्याने नेमलेली आहेत: शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे तोच शिक्षणहक्क कायदा सांगतो. पण समितीची बैठक महिन्यातून एकदा, आणि हंगामात मजुरी बुडवून तिला जायचे कुणी?

कापूस वेचून, चूल आटोपून, हरभऱ्याला पाणी देऊन झाले की बाप रात्री जागलीला जातो. पेटीची टकटक ऐकत बसतो. ती चालू आहे तोवर तारेत जीव आहे, एवढे त्याला कळते. घरी पोरगा झोपला आहे, की गोधडीखाली मोबाईल धरून कुणाला काही लिहितो आहे, ते बांधावरून दिसत नाही.